सत्तरच्या दशकातले इटालियन पोलीसपट : सुरुवात कुठून करायची

अमेरिकन दिग्दर्शक टॅरंटिनोच्या मुलाखती ऐकून किंवा इटालियन संगीतकार मॉरिकोनेचं संगीत शोधता शोधता बरेच जण इटलीच्या जुन्या पोलीसपटांपाशी येऊन पोचतात. पोस्टरवर पिस्तूल रोखलेला मिशीवाला अधिकारी, मागे उलटलेली गाडी, वर लांबलचक नाव. मग हाताला लागेल तो चित्रपट लावला जातो. अर्ध्या तासात ओठ आणि आवाज जुळत नाहीत म्हणून चिडचिड होते, कोण कोणाला का मारतंय तेही कळत नाही, आणि चित्रपट बंद होतो. माझ्या ओळखीतल्या तीन-चार जणांचं अगदी हेच झालं. त्यांची आवड कमी पडली नाही, फक्त क्रम चुकला. म्हणून हा लेख.

माझं म्हणणं आधीच सांगतो. या चित्रपटांच्या कथा रचलेल्या आहेत, पण त्यातली भीती रचलेली नाही. ज्या शहरांत माणसं खरोखर घाबरून जगत होती, त्याच शहरांच्या रस्त्यांवर, त्याच वर्षांत हे चित्रपट काढले गेले. ही भीती एकदा दिसायला लागली की पाठलाग आणि गोळीबार वेगळेच वाटू लागतात.

पायरी १ : नाव आणि काळ

इटालियनमध्ये पोलिसाला 'पोलित्सिओत्तो' म्हणतात. त्यावरून या चित्रपटांना 'पोलित्सिओत्तेस्को' हे नाव पडलं, अनेकवचनी 'पोलित्सिओत्तेस्की'. शेवटच्या 'एस्को' या शेपटात थोडी हेटाळणी होती, कारण तेव्हाच्या समीक्षकांना हे चित्रपट हलके आणि भडक वाटत. आज चाहते तोच शब्द प्रेमाने वापरतात.

काळ साधारण १९६८ ते १९८०. इटलीत या वर्षांना 'आन्नी दी प्योंबो' म्हणतात, म्हणजे शिशाची वर्षं. शिसं बंदुकीच्या गोळीतलं. १२ डिसेंबर १९६९ रोजी मिलानच्या पियात्सा फोंतानामधल्या बँकेत बॉम्बस्फोट झाला आणि १७ माणसं गेली. चौकशीसाठी पकडलेला जुझेप्पे पिनेल्ली हा रेल्वे कामगार तीन दिवसांनी पोलीस मुख्यालयाच्या खिडकीतून पडून मेला. त्या प्रकरणात ज्यांच्याकडे बोट दाखवलं जात होतं ते पोलीस अधिकारी लुईजी कालाब्रेझी यांना १७ मे १९७२ रोजी घराबाहेर गोळ्या घातल्या गेल्या. १९७८ मध्ये माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचं अपहरण आणि खून झाला. २ ऑगस्ट १९८० रोजी बोलोन्याच्या रेल्वे स्थानकात बॉम्ब फुटला, ८५ माणसं मेली. यांच्या मधल्या जागेत बँक दरोडे, श्रीमंतांच्या मुलांची अपहरणं आणि खंडणी भरलेली होती.

एवढं डोक्यात असलं की पुरे. इतिहासाचं पुस्तक वाचून मग चित्रपट लावण्याची गरज नाही.

पायरी २ : नावं वाचायला शिका

ही पायरी छोटी आहे, पण मला फार आवडते. या चित्रपटांच्या नावांना स्वतःचं व्याकरण आहे. एका प्रकारात शहराचं नाव आणि पुढे हिंसा: 'रोमा व्हिओलेंता', 'नापोली व्हिओलेंता'. दुसऱ्या प्रकारात 'पोलीस' हा कर्ता आणि पुढे क्रियापद. त्यांचे सरळ मराठी अर्थ ओळीने वाचून बघा: पोलीस आभार मानतात. पोलीस बघत बसलेत. पोलीस मदत मागतात. पोलीस आरोप ठेवतात, कायदा सोडून देतो. सकाळचा पेपर वाचता वाचता वैतागलेला माणूस जे पुटपुटेल, तेच थिएटरच्या दारावर लावलेलं आहे. प्रेक्षक तिकीट काढण्याआधीच त्या वाक्याशी सहमत झालेला असे.

याची व्यवहारात एक अडचण आहे. इंग्रजीत एकाच चित्रपटाला दोन-दोन, तीन-तीन नावं दिली गेली. 'ला माला ओर्दिना' कुठे 'द इटालियन कनेक्शन' आहे, तर कुठे 'मॅनहंट'. मी स्वतः एकच चित्रपट दोन नावांनी दोनदा मिळवला आहे. तेव्हा वहीत इटालियन नाव, साल आणि दिग्दर्शक एवढं लिहून ठेवा आणि त्यावरून शोधा. सापडल्यावर लांबी तपासा. परदेशी आवृत्त्यांत दृश्यं कापलेली असतात; दहा मिनिटं कमी दिसली तर ती प्रत सोडा आणि पूर्ण लांबीची, नव्याने स्वच्छ केलेली प्रत शोधा.

पायरी ३ : पहिला चित्रपट, 'मिलानो कालिब्रो नोवे'

साल १९७२, दिग्दर्शक फेर्नांदो दी लेओ. खरं तर यात पोलीस बाजूलाच आहेत, गोष्ट गुन्हेगारांची आहे. तरी सुरुवात इथूनच करा, कारण हा या सगळ्यांत नीट बांधलेला चित्रपट आहे. त्याची मुळं जॉर्जो शेर्बानेंको या लेखकाच्या गुन्हेगारी कथांत आहेत. शेर्बानेंको कीव्हमध्ये जन्मला, मिलानमध्ये लिहिता झाला आणि १९६९ मध्ये तिथेच वारला. कॅथीड्रल आणि फॅशनच्या मिलानपलीकडचं धुकट, पैशाच्या मागे लागलेलं मिलान त्याने कागदावर आणलं होतं.

पहिली काही मिनिटं मन लावून बघा. दुओमोसमोरच्या, म्हणजे मिलानच्या कॅथीड्रलसमोरच्या चौकात, कबुतरांच्या गर्दीत एक पुडकं एका हातातून दुसऱ्या हातात जातं. तिथून पुढच्या माणसाकडे, मग त्याच्या पुढच्या. कोणी कोणाशी धड बोलत नाही. नुसता संगीतकार लुईस बाकालोव्हचा ताल वाजत राहतो आणि ओसान्ना या नापोलीच्या बँडची गिटार त्यावर ओरखडे काढते. शेवटी पुडकं जिथे पोचायचं तिथे पोचतं, उघडलं जातं, आणि आत डॉलरऐवजी कोरे कागद निघतात. त्यानंतर टोळीतला गुंड रोक्को (नट मारिओ अडॉर्फ) पुडकं वाहणाऱ्या माणसांना शोधून काढतो. न्हाव्याच्या खुर्चीत एकाच्या गालावर तो वस्तरा चालवतो. पुढे त्या सगळ्यांना डायनामाइट लावलं जातं. एवढं सगळं होईपर्यंत नायक पडद्यावर आलेलासुद्धा नाही.

मग नायक उगो पियात्सा तुरुंगातून सुटतो. त्याचं काम करणारा गास्तोने मोस्कीन हा नट एरवी विनोदी भूमिकांसाठी ओळखला जायचा. टक्कल, जड शरीर, दगडासारखा चेहरा. पैसे यानेच लांबवले अशी टोळीची खात्री आहे. तो नाही म्हणतो. मोस्कीन शेवटपर्यंत चेहऱ्यावर काहीच येऊ देत नाही, त्यामुळे आपणही त्याला वाचू शकत नाही. बाकी सगळे त्याच्याभोवती ओरडतात, मारतात, हसतात, आणि तो उभा. रोक्को आणि उगो समोरासमोर असतील ती दृश्यं पुन्हा लावून बघा: एकाचं अंगभर हालणं, दुसऱ्याचं अजिबात न हालणं. यापुढची गोष्ट मी सांगणार नाही.

पोलीस ठाण्यातली दोन अधिकाऱ्यांची वादावादी मात्र पळवू नका. एक म्हणतो चोर पकडा, दुसरा विचारतो की श्रीमंतांचे गुन्हे कोण पकडणार. पुष्कळांना ती भाषणबाजी वाटते, आणि वेग तिथे मंदावतो हे खरं. पण तो वाद तेव्हा घराघरात चालू होता आणि पुढच्या प्रत्येक चित्रपटात तो तुम्हाला भेटणार आहे.

हा आवडला तर दी लेओचे आणखी दोन लगेच बघून टाका: 'ला माला ओर्दिना' (१९७२) आणि 'इल बॉस' (१९७३). पहिल्यात मारिओ अडॉर्फ एका छोट्या दलालाचं काम करतो. ज्याने त्याचं घर उद्ध्वस्त केलं त्याच्या गाडीमागे तो धावत सुटतो, गाडीला लटकतो आणि डोक्याने काच फोडतो. त्या पाठलागात कसलीही ऐट नाही. दुःखाने वेडा झालेला, दम लागलेला एक माणूस आहे, बस्स.

पायरी ४ : आवाजाचा प्रश्न मिटवून टाका

नवा प्रेक्षक इथेच अडकतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. त्या काळात इटलीत बहुतेक चित्रपट सेटवरचा आवाज न वापरता काढले जात. सगळे संवाद नंतर स्टुडिओत भरले जायचे. सेटवर क्यूबाचा नट, अमेरिकन नट, जर्मन नट आणि रोमन नट एकाच दृश्यात आपापल्या भाषेत बोलत. त्यामुळे इंग्रजी डब म्हणजे नकली आणि इटालियन म्हणजे अस्सल असा सोपा हिशेब इथे चालत नाही. दोन्ही नंतरच भरलेले आहेत.

मी तरी इटालियन आवाज आणि उपशीर्षकं हेच सुचवीन. एक कारण म्हणजे शिव्यांचा आणि बोलींचा बाज. रोमन गुंड आणि मिलानी कारखानदार यांच्या बोलण्यातला फरक भाषा येत नसतानाही कानाला जाणवतो. दुसरं कारण फेर्रुच्चो आमेंदोला. पडद्यावर दिसणाऱ्या तोमास मिलियानला बऱ्याच चित्रपटांत आवाज याचा आहे. इटालियन प्रेक्षकांसाठी रॉबर्ट डी नीरो आणि अल पचिनो यांचा आवाजही हाच. अपवाद करायचा तर सर्जो सोल्लिमाच्या 'रेव्होल्व्हर' (१९७३) साठी करा. त्यात इंग्रज नट ऑलिव्हर रीड आहे आणि तो इंग्रजीत बोलतोय, तेव्हा तो इंग्रजीत ऐका.

पहिली दहा मिनिटं ओठांकडे बघूच नका, डोळ्यांकडे बघा. मग सवय होते.

पायरी ५ : आता पोलीस. कास्तेल्लारीचं जेनोवा

एन्झो कास्तेल्लारीच्या १९७३ च्या चित्रपटाचं नाव वर येऊन गेलं आहे: पोलीस आरोप ठेवतात, कायदा सोडून देतो. 'ला पोलित्सिया इंक्रिमिना, ला लेज्जे आसोल्वे'. इंग्रजीत तो 'हाय क्राइम' म्हणून मिळेल. फ्रांको नेरो हा अधिकारी बेल्ली, आणि शहर जेनोवा: बंदर, चढउतार, अरुंद गल्ल्या, डोक्यावरून जाणारा उड्डाणपूल. सुरुवातीलाच लांबलचक पाठलाग आहे. गाडी चालवणाऱ्याच्या खांद्यावरून, चाकाजवळून, रस्त्याच्या कडेने कॅमेरा असा धावतो की वळणावर आपलंही अंग झुकतं. गुइदो आणि मौरित्सियो दे आंजेलिस या भावांचं संगीत त्या पाठलागाला ढकलत राहतं.

पाठलाग संपल्यावर मात्र मन लावून ऐका. बेल्लीचा वरिष्ठ एका बड्या माणसाविरुद्ध कागदपत्रं जमवत बसलेला आहे. बेल्लीला ती आज सरकारी वकिलाकडे द्यायची आहेत. वरिष्ठ म्हणतो, अजून एक कडी जुळायची आहे, अर्धवट दिलं तर तो सुटेल. दोघंही बरोबर आहेत आणि वेळ कोणाच्याच बाजूने नाही. या सगळ्या चित्रपटांची खरी गोची हीच.

इथे तीन शब्द लक्षात ठेवले की गोंधळ कमी होतो. 'कोम्मिस्सारिओ' म्हणजे आपला नायक, तपास करणारा पोलीस अधिकारी. 'क्वेस्तोरे' म्हणजे शहराच्या पोलिसांचा प्रमुख; तो सतत नायकाला झापतो. 'सोस्तितूतो प्रोकुरातोरे' म्हणजे सरकारी वकील, आणि इटलीत तपासाची दिशा त्याच्या हातात असते, म्हणून नायक सारखा त्याच्या दारात उभा. काराबिनिएरी हे वेगळं दल आहे, त्याचे गणवेश आणि गाड्याही वेगळ्या. पोलिसांच्या वेगवान गस्ती गाडीला 'पांतेरा' म्हणतात, काराबिनिएरींच्या गाडीला 'गात्झेल्ला'. एकाचा बिबट्या आणि दुसऱ्याचं हरिण. दोन्हीकडे तुम्हाला बहुतेकदा अल्फा रोमिओची जुलिया दिसेल, ती चौकोनी, साधी दिसणारी आणि प्रचंड पळणारी गाडी. थोड्याच दिवसांत तुम्ही ती आवाजावरून ओळखाल.

पायरी ६ : दोन चेहरे, मिलियान आणि मेर्ली

तोमास मिलियान हावानात जन्मला, न्यूयॉर्कच्या ॲक्टर्स स्टुडिओत शिकला आणि इटलीत येऊन रोमच्या गल्लीबोळांचा लाडका झाला. त्याला आधी खलनायक म्हणून बघा, उंबेर्तो लेन्झीच्या 'मिलानो ओदिया' (१९७४) मध्ये. बँकेवर दरोडा चालू आहे आणि मिलियानचा जुलिओ साक्की बाहेर गाडीत बसलाय. वाहतूक पोलीस येतो आणि गाडी इथे लावू नका, एवढंच सांगतो. साक्की घाबरतो आणि त्याला गोळी घालतो. या माणसाची सगळी हिंसा अशी भेदरटपणातून येते. तो रडतो, गयावया करतो, फुशारक्या मारतो, आणि बंदूक हातात आली की भयंकर होतो. मिलियानने त्याला कुठेही रुबाब दिलेला नाही. पुढे तो एका उद्योगपतीच्या मुलीला पळवतो. आदल्याच वर्षी, १९७३ मध्ये, रोममधून तेलसम्राट गेटीच्या नातवाचं अपहरण झालं होतं. प्रेक्षकांना तो विषय परका नव्हता.

स्पष्ट इशारा देतो: हा चित्रपट फार क्रूर आहे. एकूणच या चित्रपटांत स्त्रियांवरच्या अत्याचाराची दृश्यं वारंवार येतात, आणि ती कित्येकदा गरजेपेक्षा लांबवलेली, बघणाऱ्याला चिथवण्यासाठी ठेवलेली असतात. मी त्यांचं समर्थन करत नाही. ती पुढे ढकलून बघितलीत तर काहीही गमावणार नाही. घरात मुलं असताना तर हे चित्रपट लावूच नका.

दुसरा चेहरा मौरित्सियो मेर्ली. सोनेरी केस, जाड मिशी, निळे डोळे, आणि कायम उचललेला हात. फ्रांको नेरोशी त्याचं साम्य लगेच जाणवतं. लेन्झीच्या 'रोमा आ मानो आर्माता' (१९७६) मध्ये दोघं समोरासमोर आहेत: मेर्लीचा अधिकारी तान्झी आणि मिलियानचा कुबडा कसाई. चौकशीत तान्झी त्याला बंदुकीची गोळी गिळायला लावतो. पुढे ती गोळी कुबडा जपून ठेवतो, परत करण्यासाठी. या एका गोळीवर चित्रपटातलं सगळं वैर उभं आहे. फ्रांको मिकालित्सीचं संगीत इथे जोरदार आहे, हेडफोन लावूनच ऐका.

पायरी ७ : एकाच आठवड्यात हे दोन बघा

'पोलिसांना मोकळा हात द्या' असं हे चित्रपट सांगतात, म्हणून त्यांच्यावर फॅसिस्ट असल्याचा शिक्का बसला होता. शिक्का सगळ्यांना लागू होतो का, हे स्वतः ठरवायचं असेल तर ही जोडी बघा.

पहिला 'रोमा व्हिओलेंता' (१९७५). दिग्दर्शक मारिनो जिरोलामी, म्हणजे कास्तेल्लारीचे वडील. मेर्लीचा अधिकारी बेत्ती नियम मोडतो, नोकरी गमावतो आणि एका वकिलाने जमवलेल्या नागरिकांच्या टोळीत जातो, जी रात्री गुंडांना बदडते. बघताना हात शिवशिवतात. तो राग आपल्यालाही ओळखीचा वाटतो, आणि थोडं अस्वस्थ वाटायला हवं ते इथेच.

दुसरा त्याच्या तीन वर्षं आधीचा, 'ला पोलित्सिया रिंग्रात्सिया' (१९७२). विनोदी चित्रपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्तेनोने तो स्तेफानो व्हान्झिना या खऱ्या नावाने काढला. इथेही कोणीतरी गुन्हेगारांना परस्पर मारतंय. एन्रिको मारिया सालेर्नोचा थकलेला अधिकारी मात्र टाळ्या वाजवत नाही. तो विचारतो, हे कोण आहेत आणि यांना पुढे काय हवंय? माग काढता काढता तो आपल्याच जुन्या सहकाऱ्यांच्या दाराशी जातो. डिसेंबर १९७० मध्ये इटलीत बोर्गेझे या माजी नौदल अधिकाऱ्याचा सत्ता उलथवण्याचा कट खरोखर होऊन गेला होता. प्रेक्षकांना तो प्रश्न कुठून आला हे सांगावं लागत नव्हतं.

एकच दशक, एकच राग, आणि दोन अगदी उलट उत्तरं. माझ्या मते दुसरा कितीतरी मोठा चित्रपट आहे, पण पहिला बघितल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही.

पायरी ८ : कुठे थांबायचं

आठवड्याला दोनपेक्षा जास्त बघू नका. एकसारखे नट, गाड्या आणि सूर असल्याने सगळं एकमेकांत मिसळतं आणि कंटाळा येतो. १९७६ नंतर इटलीत खासगी टीव्ही वाहिन्या पसरल्या, थिएटरं ओस पडू लागली, आणि हे चित्रपटही थट्टेकडे वळले. मिलियानचा निको जिराल्दी हा लोकरी टोपी घातलेला पोलीस त्या वळणावरचा. त्याची सुरुवात झालेल्या 'स्क्वाद्रा आंतीशिप्पो' (१९७६) मधला 'शिप्पो' म्हणजे मोटारसायकलवरून येऊन पर्स हिसकावणं. सोनसाखळीचोरांच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्या लोकांना त्याचा अर्थ वेगळा समजावायला नको. ते चित्रपट रोमन बोलीवर उभे आहेत आणि ती गंमत उपशीर्षकात उतरत नाही, म्हणून शेवटी ठेवा.

एवढं झालं की 'मिलानो कालिब्रो नोवे'ची पहिली पाच मिनिटं परत लावा. या वेळी पुडक्याकडे बघू नका, बाजूच्या माणसांकडे बघा. कोटाची कॉलर वर करून भराभर चालणारी, कोणाच्या डोळ्याला डोळा न देणारी. पियात्सा फोंताना त्या चौकापासून चालत काही मिनिटांवर आहे, आणि त्या स्फोटाला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती.